इंगळावरचं मडकं

डिसेंबरात डब्लिनला साडेआठ वाजून गेल्यावर उजाडतं. माझी लेक तिथल्या एका रुग्णालयात नर्स आहे. पाळी बारा तासांची, सकाळी आठ ते रात्री आठ. मागच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे तीन महिने होते. पहिल्याच आठवड्यात एकदा पहाटे खुडबुड ऐकू आली म्हणून उठले, तर ही स्वयंपाकघरात उभी. ओट्यावर एक बुटकी, अंडाकृती हंडी. आत चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण, मागून निघालेली तार भिंतीत खुपसलेली. हिनं तळाला बटाट्याच्या आणि गाजराच्या जाड फोडी घातल्या, त्यावर कांदा आणि आदल्या रात्री तव्यावर परतून ठेवलेलं बैलाच्या नडगीचं मांस. अर्धी वाटी जवाचे दाणे, मीठ, मिरी आणि बेताचं पाणी. झाकण लावलं, कळ फिरवली, कोट चढवला.

"मम्मी, झाकण उघडू नकोस हां. रात्री येऊन जेवू."

दार लागलं. ना जाळ, ना धूर, ना राखण. मी त्या हंडीकडे बघत बसले. दुपारी चारला पुन्हा अंधारून आलं आणि घरभर वास पसरला. त्या वासाबरोबर मी पन्नास वर्षं मागे, निर्ण्यात, आमच्या पत्र्याच्या घरात जाऊन पोचले. तिथंही कुणीतरी असंच बजावून कामाला गेलेलं असायचं, "झाकण उघडू नका रे पोरांनो."

निर्णा म्हणजे बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं गाव. 1956 साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही हुमनाबादकडचे म्हैसूर राज्यात राहिलो. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी. एकाच वाक्यात तिन्ही भाषा घालून आजी हिशोब करायची. आमची वस्ती वेशीबाहेर होती. आणि आमच्या घरात मोठ्याचं, म्हणजे बैला-म्हशीचं मटण शिजायचं. हे मी आज सरळ लिहिते. शाळेत असताना मात्र डबा उघडण्याआधी इकडंतिकडं बघायची सवय लागली होती.

बाजारच्या दिवशी संध्याकाळी आजी पळसाच्या पानात बांधलेलं मटण घेऊन यायची. शेर-दीड शेर, त्यात हाडंच जास्त. दारातूनच मोठ्यानं सांगायची, "विकतचं आणलंय." मला तेव्हा वाटायचं, मटण विकतच आणायचं असतं, त्यात सांगायचं काय? पुढं कळलं. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं होतं. ते सांगणं निजामाच्या मुलखातल्या आमच्या वस्तीपर्यंत झिरपायला काही वर्षं लागली. माझ्या आजोबांच्या पिढीनं ते मनावर घेतलं. आजीच्या त्या दोन शब्दांमागे एवढा मोठा रस्ता होता. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यावरचं पुस्तक 2015 साली आलं. ते वाचताना आमच्या घरच्या चान्या (वाळवलेलं मांस), वजडी (आतडी-पोट), रगती (शिजवलेलं रक्त) पहिल्यांदा छापील अक्षरांत पाहिल्या आणि पुस्तक मांडीवर ठेवून थोडा वेळ गप्प बसले.

विकतचं असलं तरी ते मटण कोवळं नसायचं. तेव्हाच्या 1964 च्या कायद्यानं गाय-वासरू कापायला बंदी होती. बैल आणि म्हैस बारा वर्षांवरची असेल, किंवा कामाला निकामी झालेली असेल, तर दाखल्यावर परवानगी मिळे. म्हणजे आमच्या वाट्याला यायचा तो दहा-बारा हंगाम नांगर, कुळव, गाडी ओढून थकलेला बैल. त्याच्या मांड्या-नडग्यांत नुसता दोर भरलेला. तासभर ढणढण जाळावर ठेवलं, तर ते मऊ व्हायचं सोडून चपलेच्या तळव्यासारखं व्हायचं. आमच्याकडे हळू शिजवायची रीत अशी जन्माला आली. त्यात चोखंदळपणा काही नव्हता. मांस राठ होतं आणि ते दातांना चावता येण्याजोगं करायचं होतं.

लेकीआधी मीही नर्सच होते. त्या अभ्यासामुळं आता त्याचं कारण सांगता येतं. जनावराचा जो भाग जास्त राबतो, त्याच्या स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजेनचे धागे तितके घट्ट होतात. ते चटकन सुटत नाहीत. सत्तर अंशांच्या पुढच्या ओलसर उष्णतेत तासन् तास राहिले, की विरघळून त्यांचं जिलेटिन होतं. रस्सा दाट होतो आणि ओठाला ओठ चिकटतात. आजी एवढंच म्हणायची, "हाडाचा चीक रश्शात उतरला पायजे."

तो चीक उतरवायची तिची रीत ठरलेली होती. आमचा मुलूख तुरीचा. शेजारच्या कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. शेतातून डाळ सावकाराकडे किंवा बाजारात जायची, आमच्या अंगणात यायच्या त्या तुराट्या. तुराटी भसकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. भाकरीला तो जाळ बरा. मटणाला शेणीच हव्यात. शेणी पेटायला वेळ घेते, पण एकदा इंगळ झाला की राखेखाली आठ-आठ तास धुगधुगत राहते. आजी चुलीत आधी तुराट्यांवर कांदा आणि सुक्या खोबऱ्याची वाटी भाजून घ्यायची. ते पाट्यावर लसणासोबत वाटायची. मडक्यात मटण, हळद, मीठ, वाटण आणि वर चार बोटं पाणी. मग चुलीत शेणीचा इंगळ पसरायचा, त्यावर मडकं, भोवती राख. हैदराबादच्या दावतींत देगचीचं तोंड कणकेनं बंद करतात. आमच्याकडं कणकेची कसली चैन? मडक्यावर येळणी ठेवून कडेनं चिखल लिंपायचा.

खुरपणीच्या दिवसांत हे सगळं तांबडं फुटायच्या आत व्हायचं. आजी आणि माय भाकरी फडक्यात बांधून रानात जायच्या आणि आम्हा तीन भावंडांना मडक्याच्या राखणीला बसवायच्या. मांजर येऊ द्यायचं नाही, येळणी हलवायची नाही. दुपारी वास सुटला की धाकटा भाऊ हळूच चिखलाला बोट लावून बघायचा. संध्याकाळी आजी परत आली की पहिल्यांदा तो चिखलच तपासायची. बोटाचा ठसा दिसला तर म्हणायची, "कुणी तोडलं? वाफ गेली की मटण रुसतं." डब्लिनच्या त्या हंडीबरोबर एक छापील पुस्तिका आली होती. तीत लिहिलं होतं, झाकण एकदा उघडलं की अर्धा तास जास्त धरा. मी ते वाचून एकटीच हसले. आमची पुस्तिका चिखलावर लिहिलेली होती.

शेवटी पडायचं येसूर. ज्वारी, हरभरे, धने, मिरच्या, खडा मसाला भाजून दळलेलं हे पीठ घरोघरी मडक्यात भरून ठेवलेलं असे. मूठभर पीठ पाण्यात कालवून रश्शात सोडलं, की पातळ रश्शाला अंग यायचं. खरं सांगायचं तर येसूर हा गरिबीचाच मसाला. मटण शेरभर आणि खाणारी तोंडं अकरा. पाहुणा आला तर तांब्याभर पाणी आणि मूठभर येसूर. लेकीनं हंडीत जव टाकले, तेव्हा मी विचारलं, "हे कशाला?" ती म्हणाली, "घट्ट व्हायला. आणि पोट भरायला." म्हटलं, म्हणजे तुमचंही येसूर आहे तर.

लेकीनं हंडीत लावला होता तो आयरिश स्ट्यू. त्याची गोष्ट तिथं राहिल्यावर थोडी कळली. आज तिथल्या हॉटेलांत त्या नावाखाली बैलाचं मांस काळ्या बिअरमध्ये शिजवून देतात. पण मूळचा आयरिश स्ट्यू म्हणजे म्हाताऱ्या मेंढीचं मानेकडचं मटण, बटाटे, कांदे आणि पाणी. एवढंच. गाय दुधालोण्यासाठी ठेवायची. सतराव्या-अठराव्या शतकांत कॉर्क बंदरातून खारवलेलं गोमांस पिंपं भरभरून परदेशी जायचं. ती जनावरं राखणाऱ्यांच्या ताटात मात्र बटाटा. 1845 साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेनं आणि रोगराईनं गेली. आमच्या तुरीचं आणि तुराट्यांचं गणित मला तिथंही दिसलं. पिकवणाऱ्याच्या वाट्याला सगळीकडं काटक्याच येतात, आणि त्या काटक्यांवर काय रांधायचं हे त्याच्या बायकांनी शोधायचं.

हळू शिजवण्याची कारणं मात्र जागोजाग वेगळी निघाली. बिदरच्या जुन्या शहरातल्या मुसलमान मोहल्ल्यांत रात्रभर शिजायची ती नहारी. नहार म्हणजे सकाळ. रात्री इशाच्या नमाजेनंतर देग चढवायची, फजरनंतर उघडायची, आणि कामावर जाणाऱ्यानं दोन पळ्या रस्सा नि नान खाऊन जायचं. निर्ण्यातल्या आमच्या मागच्या गल्लीतली चाची ईदच्या सकाळी पितळी कटोरा भरून पाया द्यायची. कटोरा रिकामा परत करायचा नाही असा रिवाज होता. आजी त्यात नव्या तुरीची डाळ घालून पाठवायची, आणि आठ दिवसांनी तीच डाळ दालचा होऊन, दुधीच्या फोडींसकट, आमच्याच घरी परत यायची.

आणि त्या विजेच्या हंडीचा शोध? लेकीच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघींनी मोबाइलवर वाचला. अमेरिकेत शिकागोला आयर्व्हिंग नॅक्सन नावाचे एक ज्यू अभियंता होते. ज्यू लोक शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, चूल पेटवत नाहीत. नॅक्सनच्या आईनं त्यांना आपल्या लहानपणची गोष्ट सांगितली होती. लिथुआनियातल्या विल्नियसमध्ये शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरोघरचे लोक घेवडा, जव आणि मांस घातलेलं मडकं गावातल्या भटारखान्यात नेऊन ठेवायचे. भट्टी विझत जायची आणि तिच्या उरल्या धगीवर ते मडकं रात्रभर शिजायचं. त्या गोष्टीवरून नॅक्सननी विजेवर चालणारं भांडं बनवलं. 1940 साली त्यांना पेटंट मिळालं. पुढं 1970 मध्ये त्यांचा धंदा रायव्हल कंपनीनं घेतला आणि 1971 मध्ये ते भांडं 'क्रॉक-पॉट' नावानं बाजारात आलं. अमेरिकेत बायका नोकरीला बाहेर पडू लागल्या होत्या. सकाळी लावा, संध्याकाळी जेवा, अशी त्याची जाहिरात.

हे वाचल्यावर त्या हंडीचा मला वाटणारा परकेपणा गेला. ती यंत्र असली तरी तिच्या पोटात कुणाची तरी आजी आहे.

आमच्या घरातून मात्र ती रीत मधल्या काळात पार गेली होती. हॉकिन्सचा कुकर 1959 पासून देशात आहे, आमच्या घरी तो आला 1986 साली, मी हुमनाबादला नोकरीला लागल्यावर, दुसऱ्या पगारात. बंद भांड्यात वाफेचा दाब वाढतो, पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास तापतं आणि पाच तासांचं मटण पाऊण तासात होतं. आजीनं पहिल्या शिट्टीला कानावर हात ठेवले. जेवताना एवढंच म्हणाली, "मऊ झालंय, पण एकमेकाला वळखत न्हाईत." मटण वेगळं, मसाला वेगळा, रस्सा वेगळा, असं तिला म्हणायचं होतं. तरी कुकर मी सोडला नाही. आठ तास ड्यूटी, दोन लेकरं, राखेपाशी बसणार कोण?

आणि इथं थोडं खरं बोलायला हवं, नाहीतर आठवणी फार गोड होतात. त्या चुलीपुढं बसून आजीचे डोळे कायम लाल आणि पाण्यानं भरलेले असत. ओल्या शेणीचा धूर पत्र्याखाली कोंडायचा. पुढं चौतीस वर्षं मी नर्स म्हणून गावोगाव फिरले. जन्मात बिडी न ओढलेल्या बायकांना बिडी ओढणाऱ्यांसारखं खोकताना पाहिलं. मडक्यातले तुकडे आधी पुरुषांना, मग पोरांना. आजी शेवटी बसायची आणि येळणीला चिकटलेला रस्सा भाकरीच्या काठानं पुसून घ्यायची. "मला हाडंच आवडतात," म्हणायची. ते मी कितीतरी वर्षं खरं मानलं. आज मुंबई-हैदराबाद हमरस्त्यावर हुमनाबादच्या आसपास 'चुलीवरचं मटण' अशा पाट्या दिसतात. शहरातली माणसं गाडी थांबवून धुराच्या वासाचे पैसे मोजतात. मोजू देत. पण त्या चुलीपुढं बसलेली बाई कोण आहे, हेही एकदा वाकून बघावं.

परत येताना लेकीनं साडेतीन लिटरची एक हंडी माझ्या पेटीत घातली. तिथला प्लग तीन चौकोनी पायांचा, आपल्या खोबणीत बसत नाही. वीज मात्र दोन्हीकडं 230 व्होल्टचीच, त्यामुळं इलेक्ट्रिशियननं नुसता प्लग बदलून दिला. हंडी 200 वॅटची. आठ तास चालली तरी जास्तीत जास्त 1.6 युनिट. निर्ण्यातल्या घरी पहिल्या दिवशी लावली आणि अकराला लाईट गेली, ती तीनला आली. शेणीचा इंगळ असा मध्येच जात नसे. कोमट भांड्यात चार तास राहिलेल्या मटणात जंतू वाढतात, म्हणून मन घट्ट करून ते सगळं टाकून दिलं. तेव्हापासून हंडी रात्री लावते. रात्री लाईट सहसा जात नाही.

मटणही बदललं. कर्नाटकात 2021 पासून नवा कायदा लागू आहे. त्यानुसार गाय-बैल कापायला पूर्ण बंदी आहे, तेरा वर्षांवरची म्हैस तेवढी दाखल्यावर चालते. बाजारच्या कोपऱ्यावरची मोठ्याच्या मटणाची दुकानं उठली. पळसाचं पान गेलं, काळी प्लास्टिकची पिशवी आली. मी आता बोकडाच्या नळ्या आणि पाय आणते. छोट्याचं मोठ्यापेक्षा तिपटीनं महाग. आजी असती तर म्हणाली असती, "सावकार झालीस की."

रीत अशी. नळ्या-पाय आधी तव्यावर परतून घ्यायचे, कारण हंडीत वाफेवर खमंगपणा येत नाही. कांदा-खोबरं भाजून वाटायचं. हंडीत कंद तळाला, मटण वर, कारण आश्चर्य वाटेल पण बटाटा-गाजर मांसापेक्षा उशिरा शिजतात. पाणी चुलीवरच्या निम्मं. आतली वाफ बाहेर जात नाही, त्यामुळं रस्सा आटत नाही. हंडी दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायची नाही. मंद कळेवर आठ तास. सकाळी येसूर कालवून घालायचं आणि वीस मिनिटं ठेवायचं. राजमा घालायचा असेल, तर रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, आधी साध्या भांड्यात दहा मिनिटं खळखळून उकळा. नुसत्या मंद आचेवर त्यातलं विष जात नाही आणि पोटाचे हाल होतात. हे नर्स म्हणून सांगते.

चव? नव्वद टक्के तीच. रस्सा दाट होतो, ओठ चिकटतात, मटण एकमेकाला ओळखतं. धुराचा वास तेवढा नाही. आणि हंडीवर दोन तृतीयांशाची खूण असल्यामुळं पाहुणा आला तर तांब्याभर पाणी वाढवता येत नाही. गल्लीत वास पूर्वीसारखा पसरत नाही, म्हणून कटोरा घेऊन कुणी येत नाही. चाची जाऊन वीस वर्षं झाली. मागच्या ईदला मीच तिच्या नातवाच्या घरी हंडीतला पाया घेऊन गेले. कटोरा त्यांनी रिकामा परत केला नाही. आत शेवया होत्या.

लोक म्हणतात, पूर्वी सगळं सावकाश होतं, आता घाई झाली. मला तसं दिसत नाही. आजीलाही वेळ नव्हता. बारा तास ती रानात होती. लेकही बारा तास वॉर्डात असते. दोघींनी आपल्या गैरहजेरीत शिजणारं भांडं शोधलं, एकीनं राखेत, एकीनं तारेत. फरक एवढाच की लेक घरी येते तेव्हा तिचे डोळे लाल नसतात. आणि ताट वाढताना ती पहिला मोठा तुकडा स्वतःच्या ताटात घेते. मी बघितलं, काही बोलले नाही. बरं वाटलं.

परवा तिचा फोन आला. जव संपलेत, पण आता जव नकोत म्हणाली, येसूर हवंय. दोन किलो भाजून दळून ठेवलंय. कुणी त्या बाजूला जाणार असेल तर कळवा.